उंची नेमकी कुठे कमी पडली?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्रलेखक मुंबईच्या पश्चिम उपनगरात राहतात. दीड वर्षापूर्वी त्यांनी २०२१ सालची, डिझेलवर चालणारी फोर बाय फोर महिंद्रा थार सेकंडहँड घेतली. रोज ती कांदिवली ते बीकेसी अशी ऑफिसला जाते आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी मित्रांच्या गाड्यांबरोबर कर्जतच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर. गेल्या पावसाळ्यात एका चिखलाच्या उंचवट्यावर गाडीचे पोट टेकले, चाके जागच्या जागी फिरू लागली आणि आधीच्या मालकाने बसवलेली डाव्या बाजूची फूटस्टेप वाकली. त्यांच्या पुढे असलेली एक मारुती जिम्नी, जिच्यात काहीही बदल केलेला नाही, त्याच जागेवरून पार झाली होती. तिनेच दोर लावून आणि चौघांनी मागून ढकलून थार बाहेर काढली. आता गटातले दोघे म्हणतात की गाडी दोन इंच लिफ्ट कर. तिसरा म्हणतो की लिफ्ट नको, सध्याच्या २४५/७५ आर १६ ऐवजी २८५/७५ आर १६ चे टायर घाल. गॅरेजमध्ये दोन्हींचा मिळून दीड लाखाच्या पुढचा आकडा सांगितला आहे. पत्नीला हा खर्च पटत नाही आणि आईचे गुडघे दुखत असल्याने तिला आत्ताच गाडीत चढताना त्रास होतो. सबवेत पाणी भरते तेव्हाही उंच गाडी बरी पडेल, असे लेखकांना वाटते. त्यांचा प्रश्न असा: आधी लिफ्ट करावी की आधी टायर बदलावेत?

नमस्कार.

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे. पुढची जिम्नी त्याच जागेवरून पार झाली. कंपनीच्या आकड्यांनुसार सोळा इंची टायरांच्या तुमच्या थारचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोट आणि जमीन यांमधली मोकळी उंची, सुमारे २१९ मिमी आहे आणि जिम्नीचा २१० मिमी. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध येणारा उंचवटा पोट न टेकता ओलांडता येण्याचा कोन तुमच्या थारमध्ये सुमारे २६ अंश आहे, तर पाच दारांच्या जिम्नीत २४ अंश, कारण तिच्या दोन चाकांमधले अंतर तुमच्या गाडीपेक्षा १४० मिमीने जास्त आहे. म्हणजे कागदावर जी गाडी त्या उंचवट्यावर अडकायला हवी होती ती निघून गेली आणि जी निघून जायला हवी होती ती अडकली. जिम्नी वजनाने बरीच हलकी आणि रुंदीने कमी आहे, त्यामुळे तिला चिखलात कमी रुतण्याचा आणि वाट निवडण्याचा फायदा मिळाला असेल, हे मान्य. तरीही तुमची गाडी उंचीने कमी पडली हा निष्कर्ष या प्रसंगातून निघत नाही. तुम्ही विचारता की लिफ्ट आधी की टायर आधी. मला त्याच्याही आधीचा प्रश्न विचारायचा आहे, की गाडी नेमकी कुठे टेकली?

याचे उत्तर गाडीच्या पोटाखाली लिहिलेले आहे आणि ते अजून पुसले गेले नसावे. सोसायटीच्या आवारात सपाट जागा पाहून गाडी लावा, हँडब्रेक ओढा, गिअर टाका, चाकांना दगड लावा, खाली जुनी चादर अंथरा आणि टॉर्च घेऊन पाठीवर झोपून आत सरका. गाडी जॅकवर उचलू नका; जॅकवरच्या गाडीखाली माणसाने कधीही जाऊ नये. आता खुणा शोधा. दगडावर घासलेले लोखंड आधी चकचकीत दिसते आणि पावसाळ्यानंतर त्याच रेषेवर तांबूस गंज धरतो, त्यामुळे ओरखडे ओळखणे अवघड जात नाही. मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध डिफ्रन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा) जो गोळा लोंबतो त्याच्या तळाशी खुणा आहेत का, चासीच्या आडव्या पट्टीवर आहेत का, गिअरबॉक्सखालच्या पत्र्यावर आहेत का, की फक्त फूटस्टेपच्या खालच्या कडेवर आणि तिच्या ब्रॅकेटवर आहेत, हे नीट पाहा आणि फोनवर फोटो काढून ठेवा. या चार जागांसाठी चार वेगळे उपाय आहेत आणि त्यांतल्या एकाच जागेचा उपाय लिफ्ट हा आहे. तुमचे पत्र वाचून माझा कल फूटस्टेपकडे झुकतो, कारण वाकलेली वस्तू तुम्ही तेवढी एकच सांगितली आहे. बाहेरून बसवलेली फूटस्टेप चासीच्याही खाली लोंबत असेल, तर कंपनीने सांगितलेला २६ अंशांचा कोन तुमच्या गाडीत शिल्लकच राहिलेला नाही, आणि दीड लाख खर्चून जे दोन इंच तुम्ही मिळवू पाहता त्यांतला बराचसा भाग चार-सहा बोल्ट सोडल्यावर मिळून जाईल.

लिफ्टबद्दल एक गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर थोडे सविस्तर लिहितो. लिफ्ट दोन तऱ्हेची असते. बॉडी लिफ्टमध्ये चासी आणि बॉडी यांच्या मधे ठोकळे घालतात. त्याने फक्त बॉडी वर जाते आणि चासी, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल सगळे होते तिथेच राहते. सस्पेंशन लिफ्टमध्ये उंच स्प्रिंगा किंवा स्प्रिंगवर स्पेसर बसवतात. त्याने चासी वर जाते, पोट टेकण्याचा कोन सुधारतो, पण तुमच्या थारचा मागचा अ‍ॅक्सल अखंड असल्यामुळे त्याच्या डिफ्रन्शियलची जमिनीपासूनची उंची एक मिलिमीटरही वाढत नाही. तो अ‍ॅक्सल चाकांना धरून आहे, चाक जितके तितकाच तो उंच. पुढचे सस्पेंशन इंडिपेंडंट आहे, म्हणजे दोन्ही चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात. तिथे डिफ्रन्शियल चासीला बांधलेले असल्याने ते वर जाते, पण चाके खालीच राहतात आणि दोघांना जोडणारे ड्राइव्ह शाफ्ट जास्त तिरक्या कोनात फिरू लागतात. त्या कोनाचा ताण शाफ्टच्या सांध्यांवर आणि त्यांना झाकणाऱ्या रबरी बूटवर येतो. बूट फाटला की ग्रीस बाहेर आणि चिखल आत. नुसता स्पेसर घातला असेल तर आणखी एक तोटा होतो: खड्ड्यात चाक जितके खाली उतरू शकत होते तितके ते आता उतरत नाही, कारण तो प्रवास उंचीतच खर्च झालेला असतो. मग ओबडधोबड वाटेवर एक चाक लवकर हवेत लटकते, आणि हवेतले चाक गाडी ओढत नाही.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्याकडे पाट्यांच्या स्प्रिंगांची जुनी जीप होती आणि एका गॅरेजमध्ये मी तिच्या पाट्यांच्या शॅकल, म्हणजे पाट्यांना चासीशी जोडणाऱ्या पट्ट्या, लांब करून घेतल्या. गाडी दिसायला रुबाबदार झाली. पहिल्याच लांबच्या प्रवासात कसारा घाट चढताना प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस वाजू लागला, आणि उतारावर स्टिअरिंग सरळ रेषेत राहीना. वळण संपल्यावर चाके आपोआप सरळ होतात ती व्हायची थांबली होती. शेजारून ट्रक जात असताना, मागच्या सीटवर घरची माणसे बसलेली असताना, गाडी हातात न राहण्याची ती भावना मी विसरलेलो नाही. शॅकलमुळे अ‍ॅक्सलचा कोन फिरला होता आणि तो कोन कोणी मोजलाच नव्हता. आजच्या गाड्यांत पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंगा आल्या, तरी कोनांचा हिशेब बदललेला नाही. तुम्ही लिफ्ट केलीत तर अलाइनमेंट, पुढच्या आर्मचे कोन, ब्रेकच्या पाइपांची लांबी, हेडलाइटचा झोत असे सगळे नव्याने बसवावे लागते. शिवाय गुरुत्वमध्य वर गेल्याने अचानक वळवताना गाडी कलंडण्याची शक्यता वाढते, आणि ईएसपी, म्हणजे घसरती गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, ज्या उंचीसाठी जुळवलेले असते ती उंचीच बदललेली असते. तुमचा रोजचा रस्ता वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे आहे, जिथे डावीकडून रिक्षा आणि उजवीकडून बाइक एकाच क्षणी आत शिरतात. तिथली अचानक वळवण्याची वेळ कर्जतच्या चिखलापेक्षा कितीतरी वेळा येणार आहे.

आता टायर. गाडीचा प्रत्येक भाग, अ‍ॅक्सलसकट, खऱ्या अर्थाने वर उचलणारी गोष्ट टायर हीच आहे, त्यामुळे तुमच्या तिसऱ्या मित्राचे म्हणणे तत्त्वतः जास्त बरोबर आहे. पण त्याचे माप तपासून पाहू. मापातला पहिला आकडा टायरची मिमीतली रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या टक्क्यांत रबराची उंची आणि शेवटचा रिमचा इंचांतला व्यास. २४५/७५ आर १६ या टायरचा व्यास सुमारे ७७४ मिमी येतो आणि २८५/७५ आर १६ चा सुमारे ८३४ मिमी. व्यासात ६० मिमीचा फरक, म्हणजे जमिनीपासून वाढ त्याच्या निम्मी, ३० मिमी. एवढ्या ३० मिमीसाठी काय द्यावे लागते? टायर ४० मिमीने रुंद झाल्यामुळे स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर तो मडगार्डच्या अस्तराला घासण्याची शक्यता मोठी, आणि तो घासू नये म्हणूनच लोक मग लिफ्टकडे वळतात. बहुतेक वेळा लिफ्ट ही टायरच्या पोटात लपलेली असते, हे खर्च मोजताना लक्षात ठेवा. परीघ पावणेआठ टक्क्यांनी वाढल्याने स्पीडोमीटर कमी वेग दाखवेल. काटा १०० वर असताना गाडी जवळजवळ १०८ ने धावत असेल, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारला सपाट भागात मर्यादाच १०० ची आहे. प्रत्येक गिअर तेवढ्याच प्रमाणात लांब होतो, त्यामुळे सिग्नलवर क्लच जास्त घासावा लागतो आणि फोर लोमध्ये (चारही चाकांना कमी वेगात जास्त ताकद देणाऱ्या गिअरमध्ये) गोगलगायीच्या गतीने चढण्याची जी ताकद डोंगरात हवी असते, नेमकी तीच घटते. जड चाक थांबवायला ब्रेकला जास्त कष्ट पडतात. पाचवा टायर, म्हणजे स्टेपनी, त्याच मापाचा घ्यावा लागतो आणि तो मागच्या दारावर टांगलेला असल्याने बिजागऱ्यांवर भार वाढतो. स्टेपनी जुन्या मापाची ठेवून फोर बाय फोर वापरणे तर गिअरबॉक्सच्या जिवावर उठणारे आहे.

आणि एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, जी गटात कोणी सांगितली नसावी. थारच्या वरच्या मॉडेलला २५५/६५ आर १८ चे टायर येतात. ते दिसायला मोठे, पण रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतची रबराची उंची त्यांत सुमारे १६६ मिमी आहे आणि तुमच्या सोळा इंची टायरात सुमारे १८४ मिमी. दगडांवर गादीसारखे दबायला आणि हवा कमी करून चालवायला हीच जास्तीची उंची कामी येते. ऑफ-रोडच्या दृष्टीने तुमच्याकडचे माप त्या महागड्या मापापेक्षा सरस आहे, ते घालवण्याची घाई करू नका.

मग माप तेच ठेवून काय बदलता येईल? तुम्ही लिहिले आहे की टायर आधीच्या मालकाने बसवलेले हायवे टायर आहेत, हवा नेहमीची ३२ होती आणि पंक्चरवाल्याच्या मते टायर ‘अजून बरे’ आहेत. रस्त्यासाठी ते बरे असतीलही. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. ३२२० असे असेल तर तो टायर २०२० सालच्या ३२ व्या आठवड्यात तयार झाला आहे. रबर जुने होऊन कडक झाले असेल, तर नक्षी शिल्लक दिसूनही ओल्या दगडावर पकड राहत नाही. हायवे टायरच्या बारीक खाचा चिखलाने भरल्या की पहिल्या दोन फेऱ्यांतच त्याचा गुळगुळीत गोळा होतो. चाके जागच्या जागी फिरली याचे हे सर्वांत सरळ स्पष्टीकरण आहे. गाडीला उंचवट्यावर चढायला गती हवी होती, ती पकडीअभावी मिळाली नाही आणि ती मधोमध बसली. म्हणून माझा सल्ला असा की पहिला खर्च करायचाच असेल, तर त्याच मापाच्या पाच चांगल्या ऑल टेरेन टायरांवर करा, त्यांचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) दरवाजाजवळच्या स्टिकरवर सांगितलेल्यापेक्षा कमी नाही हे पाहून. मड टेरेन टायर चिखलात याहून चांगले चालतात, कारण त्यांचे मोठे ठोकळे फिरताना चिखल बाहेर फेकतात. पण ओल्या काँक्रीटच्या रस्त्यावर त्यांची पकड कमी असते आणि तुमच्या गाडीचे जवळजवळ सगळे किलोमीटर तिथेच होतात.

हवेचे महत्त्व तर सांगावे तितके थोडे आहे. चिखलात उतरण्यापूर्वी थांबून हवा ३२ वरून २० च्या आसपास आणली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांब होतो, तो दगडाला मिठी मारतो आणि गाडी कमी रुतते. १५ च्या खाली जाऊ नका, टायर रिमवरून निसटू शकतो; आणि डांबरी रस्त्यावर परतण्यापूर्वी हवा पुन्हा भरा, कारण कमी हवेवर वेगात चालवलेला टायर तापून फुटतो. त्यासाठी बॅटरीवर चालणारा एक चांगला कॉम्प्रेसर, एक विश्वासू गेज, प्रमाणित क्षमतेचा ओढण्याचा पट्टा आणि तो गाडीला अडकवायची शॅकल नावाची लोखंडी कडी एवढे सामान घ्या. साधा दोर लावून गाडी ओढणे, आणि तेही चार माणसे मागे उभी असताना, हे मला तुमच्या पत्रातले सर्वांत धोक्याचे वाक्य वाटले. ताणलेला दोर किंवा त्याचा हुक तुटला तर तो माणसाचा जीव घेऊ शकतो. दोर ताणलेला असताना त्याच्या लांबीएवढ्या परिघात कोणीही उभे राहू नये.

कायद्याची बाजू तुम्ही विचारलेली नाही, पण ती टाळून चालणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार मूळ उत्पादकाने ठरवलेल्या वैशिष्ट्यांपासून नोंदणीतील तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये नियमाबाहेरच्या प्रत्येक फेरफारासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. गटातल्या चार गाड्या लिफ्ट केलेल्या आहेत आणि त्यांना कोणी अडवले नाही, हा आधार अपघाताच्या दिवशी उपयोगी पडत नाही. त्या दिवशी विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीभोवती फिरतो, टायरचे माप लिहून घेतो, आणि न कळवलेला बदल दाव्याच्या आड येऊ शकतो. काहीही करण्यापूर्वी विमा कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. गॅरेजच्या तोंडी आश्वासनावर राहू नका.

सबवेतल्या पाण्याबद्दल थोडक्यात. तुमच्या गाडीसाठी कंपनीने पाण्याची मर्यादा ६५० मिमी सांगितली आहे, म्हणजे तुमच्या टायरच्या वरच्या कडेपासून वीतभरापेक्षाही कमी खाली. मिलन किंवा अंधेरी सबवेत पाणी तिथवर चढले असेल तर आत जाण्याची जागाच ती नव्हे, गाडी कितीही उंच असो. उघडे गटार दिसत नाही, आणि तुमच्या गाडीने उठवलेली लाट शेजारच्या स्कूटरवाल्याला पाडते. घाटाखालच्या फरशी पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात तर रुंद टायर गाडीला उलट तरंगायला मदत करतात.

आता तुमच्या आईविषयी. पत्रात तिचा उल्लेख शेवटच्या ओळीत आहे, पण निर्णयात तिला वर घ्यावे असे मला वाटते. लिफ्ट आणि टायर मिळून सीट ८० मिमीने, तीन इंचांहून अधिक वर जाईल. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तीन इंच ही अर्धी पायरी असते. आणि अडचण अशी की जी फूटस्टेप चिखलात आडवी आली, तिच्यावरच पाय ठेवून आई चढते. मी तुमच्या जागी असतो तर वाकलेली फूटस्टेप जोडीसह काढून ठेवली असती आणि तिच्या जागी चासीला बांधलेले, बॉडीच्या जवळ राहणारे मजबूत रॉक स्लायडर बसवण्याबाबत विचार केला असता. दगडावर टेकले तरी ते गाडीचे वजन पेलतात. बाहेरून जोडलेले असल्याने त्यांच्याबद्दलही विमा कंपनीला कळवा. आईसाठी एक रुंद, रबरी तळाची, घडी होणारी पायरी मागे ठेवा आणि खांबावर धरायला आतून मूठ आहे का ते पाहा. एकदा आईला सोबत घेऊन, गाडी बंद असताना, हे करून बघा; तिलाच ठरवू द्या. त्याच दिवशी सोसायटीच्या स्टॅक पार्किंगच्या पाटीवर लिहिलेली उंची आणि वजन वाचा. ज्या गाडीला स्वतःच्या जागेत उभे राहता येत नाही ती रोज रस्त्यावर लावावी लागते.

लिफ्ट कधीच करू नये असे माझे म्हणणे नाही. खासगी, बंदिस्त मैदानात स्पर्धेसाठी वेगळी गाडी ठेवणारी, ती ट्रेलरवरून नेणारी माणसे ती करतात आणि तिथे ती शोभते. तुमची एकच गाडी आहे, तिच्यात ऑफिस, आई आणि रविवार तिन्ही बसवायचे आहेत. मित्रांच्या गाड्या पाहून आपली गाडी ठेंगणी वाटणे मी समजू शकतो. तो गट तुम्हाला प्रिय आहे, हे पत्राच्या प्रत्येक ओळीत दिसते. त्यांच्याशी बरोबरी करायची असेल तर इगतपुरीजवळ तुमच्या गाडीच्या उत्पादकानेच ऑफ-रोड चालवण्याच्या प्रशिक्षणासाठी जागा उभी केली आहे, तिथली चौकशी करा. उंचवट्यावर सरळ न जाता तिरके कसे चढायचे, कोणते चाक कशावर ठेवायचे, खाली उभ्या माणसाचे हातवारे कसे वाचायचे, हे शिकलेल्या माणसाला २१९ मिमी पुष्कळ होतात. आणि एक विनंती: सरावासाठी समुद्रकिनारा निवडू नका. वेळास आणि आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, ती चाकाखाली दिसत नाहीत.

पाऊस सुरू होण्यापूर्वी, कोरड्या दिवशी, एका मित्राला सोबत घेऊन त्याच उंचवट्यावर पुन्हा जा. फूटस्टेप काढलेली असू द्या, टायरात हवा २२ ठेवा, फोर लोमध्ये पहिल्या गिअरवर, मित्राला पुढे उभे करून त्याच्या खुणेने चढा. परत आल्यावर चादर अंथरून पुन्हा खाली सरका आणि आधीच्या फोटोंशी ताडून पाहा. नवे ओरखडे नसतील तर दीड लाख बँकेतच राहू द्या. ते चासीवर असतील तर मला पुन्हा लिहा, त्या फोटोंसह, आणि मग त्या विशिष्ट जागेसाठी काय करता येईल ते आपण पाहू.